भिंगरीची ओळ बंद तक्त्यात

ती. ताईस,

जमेल तितकं वाकून नमस्कार (पूर्ण वाकलो तर उठवायला घरात कुणी नसतं). तुझे डोळे कसे आहेत? माझं विचारू नकोस. कंबर तशीच, भूक गेलेली, आणि डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. त्यामुळे तर अधिकच घोर लागला आहे. काही झालेलं असतं तर निदान औषध तरी दिलं असतं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी नात भिंगरी. तिची आई नोकरीच्या गावी, ते तुला ठाऊकच आहे. तिचा गुडघा बरा झाला. आता हळूहळू बर्फावर जायला हरकत नाही असंही डॉक्टर म्हणाले, पण ती जात नाही. स्केटिंगचे बूट दाराआड खिळ्याला टांगले आहेत आणि त्या दारातून जाताना ती मान दुसरीकडे वळवते. त्यात ती घरी पडून असताना क्लबातल्या त्या काडीएवढ्या मुलीने, बारकीने, तिचा विक्रम मोडला. अर्ध्या गुणाने! तोही दशांशचिन्हामागे दडून आलेला अर्धा गुण. यापेक्षा दहा गुणांनी मोडला असता तर मी काही बोललो नसतो (बोललो असतो, पण कमी).

आता खरं दुखणं ऐक. रिंकवरचा बर्फ सपाट करायची गाडी माझ्याकडून काढून घेतल्यापासून (एकदाच कठड्याला धडकलो, आणि कठडाही जुनाच होता) मला कचेरीत बसवलं आहे. विक्रम कसकसा चढत गेला त्याचा तक्ता मी पूर्वी भिंतीवर ब्रशने रंगवला होता. त्या भिंतीला आता नवा रंग द्यायचा म्हणून चिटणिसांना तो तक्ता कॉम्प्युटरवर करून, छापून, चौकटीत हवा. तारीख, नाव, गुण आणि आधीच्यापेक्षा वाढ किती, असे चार रकाने. हा तक्ता मोठा निर्दय असतो, ताई. ज्या मुलीने विक्रम मोडला तिलाच त्यात ओळ मिळते. बाकीच्या कितीही सुंदर खेळल्या तरी त्या जन्मल्याच नाहीत असं समजायचं. आणि शेवटची ओळ, म्हणजे चालू विक्रम, तेवढी ठळक अक्षरांत. खाली नवी ओळ आली की वरची बारीक करायची. म्हणजे भिंगरीची ओळ बारीक करायची, आणि ती मी करायची.

माझा हात काही चालेना. मग मी वेळ काढू लागलो. एकदा रकाने इतके रुंद केले की गुण कागदाबाहेर गेले. एकदा दोन घरं एकत्र झाली आणि दोन मुलींचं मिळून एक लांबलचक नाव तयार झालं. मग नावं जरा क्रमाने लावावीत म्हणून एक बटण दाबलं, तर नुसती नावंच हलली, गुण जागच्या जागी राहिले. आता आजी झालेल्या एका बाईंच्या नावापुढे बारकीचे गुण आले. त्या बाई नेमक्या त्याच दिवशी कचेरीत आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "राहू द्या हो, छान दिसतंय." चिटणीस म्हणाले, "काका, तुम्हाला तक्ता करायला सांगितलाय, पत्ते पिसायला नाही."

आणि मग मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचं काय होतं ते तू लहानपणापासून बघते आहेस. झालं असं, की काही वर्षांपूर्वी परीक्षकांची गुण देण्याची पद्धत बदलली. जुने-नवे गुण एका मापाने मोजता येत नाहीत, म्हणून चिटणिसांचा हुकूम आला की दोन तक्ते करा. जुना कायमचा बंद. त्यातली शेवटची ओळ कायम ठळक राहणार, कारण ती आता कोण मोडणार? भिंगरीचा विक्रम खरं तर नव्या पद्धतीतला. पण मी तक्ता तोडताना रेघ जरा खाली मारली, भिंगरीच्या पायाखाली. ती जुन्यात, सर्वांत खाली, ठळक. बारकी नव्यात, एकटी. तारखा कोण बघतो? चिटणिसांनी तळाशी आपलं नाव बरोबर आहे एवढं पाहिलं आणि मान हलवली.

मोठ्या हौसेने तो कागद घरी आणून भिंगरीपुढे ठेवला. ती जेवत होती. घास हातातच राहिला.

"आजोबा, मी पहिल्यांदा उतरले तीच नव्या नियमांनी."

"असू दे गं. ठळक आहेस ना? कायमची."

"वर काय लिहिलंय? बंद! यातली एक आजी झाली, बाकीच्यांनी बूट विकून टाकले, त्यांच्या पंगतीला बसवलंत मला?"

"तुझा मान राहावा म्हणून..."

"बारकीनं मोडला तर मोडला. पण तुम्ही असा ठेवलात तर तो मलासुद्धा मोडता यायचा नाही! मी काय कपाटातली बशी आहे, फुटू नये म्हणून वर ठेवायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः कचेरीत आली. गुडघा दुखावल्यापासून धरलेली काठी न घेता. मला खुर्चीवरून उठवलं, तक्ते पुन्हा योग्य जागी तोडले, स्वतःची ओळ स्वतःच्या हाताने बारीक केली आणि बारकीची ठळक. माझ्याने बघवेना. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो (खिडकीबाहेर भिंतच आहे). तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जपायला गेलो आणि पोरीला जिवंतपणी जुनी करून बसलो. आता माझ्या हातून काही चांगलं होईल असं वाटत नाही.

तुझा,
कंबर धरून बसलेला भाऊ

ता. क. खरं काम राहिलंच. तू चार दिवस ये. त्या खिळ्यावरच्या बुटांविषयी तूच तिच्याशी बोल. तुझं ती ऐकते, माझ्यावर डाफरते. आणि तो चुकीचा कागद सोबत पाठवतो आहे, तुझ्या कपाटात ठेव. ती ठळक अशी आता तेवढ्याच कागदावर उरली आहे.

ता. क. दुसरा. कागद पाकिटात नाही. घरभर शोधला. दाराआड जमिनीवर सापडला, भिंगरीच्या बुटांखाली अंथरलेला. शाई पार पसरली आहे, नाव वाचता येत नाही. बूट ओले आहेत. छत गळतं का म्हणून स्टुलावर चढून पाहिलं (उतरताना कंबर गेली), छत कोरडं आहे. भिंगरीला काही विचारलं नाही. ती म्हणाली, "वाढा ना आजोबा, भूक लागलीय," आणि दोनदा मागून घेतलं. मला काळजीने घास उतरेना. गुडघा आहे तो, पुन्हा गेला म्हणजे?

ता. क. शेवटचा. तू येऊ नकोस एवढ्यात. तुझी ती गुडघ्याला बांधायची लोकरी पट्टी तेवढी पाठव. तक्ता छापायला गेला. बारकीच्या खाली एक ओळ रिकामी राहिली आहे. चिटणीस म्हणाले, ही कशाला, पुसून टाका. मी सांगितलं, पुसायची कशी ते मला ठाऊक नाही.