कूलरचं पाणी आणि कॅमेलिया

अकोला, २९ मार्च

कॅमेलियाची एकुलती एक कळी आज गळाली. न उघडताच, तपकिरी होऊन. आमच्या सुनेने, निमाने, लग्नानंतर दार्जिलिंगहून आणलेलं हे रोप. मीच हट्टाने सांभाळत होते.

सकाळी कुंडीतल्या मातीवर पांढरा थर दिसला, कूलरच्या जाळीवर बसतो अगदी तसा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बोअरचं पाणी आधीच खारं, कूलरमध्ये आटून ते आणखी खारं होतं, आणि रोज उरलेलं तेच मी याला घालत होते. "फेकून काहून देतं व? झाडाले टाक," असं हे म्हणाले होते. मलाही पटलं होतं.

निमाने कळी तळहातावर घेतली. म्हणाली, "राहू द्या आई. इथे नसतंच जगलं." चिडली असती तर बरं वाटलं असतं. इथे नसतंच जगलं. झाडाबद्दलच बोलली ना?

कळी अजून ओट्यावर आहे, फेकवत नाही.

उद्या ती माहेरी, दार्जिलिंगला जाते आहे, पंधरा दिवसांसाठी. मघाशी तिला बॅग भरताना पाहिलं. पावसाळी चपलाही घेतल्या तिने. पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत.