माफ केलं म्हणायचं राहिलं

प्रिय ताई,

पत्र बघून हसशील. निबंधाच्या वहीवर शाई सांडून मोकळा होणारा मी, आणि चक्क पत्र लिहितोय! फोनवर जमलं नाही. परवा तू बोलत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो. सध्या एका बंदरावर खोकी चढवतो-उतरवतो. खोलीत चौघं, त्यातला एक झोपेत गातो, तेही बेसूर. ते जाऊ दे.

आईने लावलेली रीत आठवते ना? जेवणाआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेआधी माफी. दिवसभरात ज्याला दुखवलं त्याच्याकडे बघून मागायची, वयाने मोठा त्याने आधी. समोरचा 'माफ केलं' म्हणेपर्यंत आमेन नाही. माझी यादी इतकी लांबायची की पप्पा म्हणायचे, "आवर रे, प्रभूला सगळं ठाऊक आहे, जेवण निवतंय." तू एकदा माझी चप्पल लपवल्याची माफी मागितलीस, पण चप्पल कुठे ते काही सांगितलं नाहीस. आईचा दुसरा नियम, टेबलावरचं टेबलावर. कोणी काय कबूल केलं ते बाहेर काढायचं नाही. आई गेल्यावरही पप्पांनी तो मोडला नाही. घोटाळा तिथेच झाला बघ.

मी घर सोडलं त्या दिवशी तुझी हॉस्पिटलात ड्युटी होती. पप्पांनी मला आपल्या बेकरीत भट्टीपाशी बसवलं होतं. रस्त्यावरून एक क्रेन निघाली, केवढी म्हणून सांगू, चाकच माझ्या खांद्याएवढं! तिच्यामागे चौकापर्यंत गेलो. परत येतो तर सगळ्या पावांचा कोळसा. पप्पांनी गिऱ्हाइकांसमोर कानाखाली वाजवली. गालावर पिठाची पाच बोटं उमटली आणि रांगेतली माणसं हसली. एवढं तुला कामगारांनी सांगितलं. त्यावरून तू ठरवलंस, पप्पांनी मला घालवलं.

पुढचं ऐक. संध्याकाळी टेबलाशी आम्ही दोघंच. वाटलं, आता उपदेश. पप्पांनी हात जोडले, ताई. मला. म्हणाले, "पोरा, चारचौघांत हात उचलला, चुकलो. माफ कर." आणि थांबले. मला 'माफ केलं' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी खुर्ची मागे सारली, बॅग उचलली. ते ओरडले नाहीत. दारातून वळून बघितलं तर हात तसेच जोडलेले.

नंतर चार वर्षं मी तुला फोनवर काहीतरी थातुरमातुर सांगत राहिलो. तू त्यांच्यासोबत प्रार्थनेला बसणं सोडलंस, तेही तूच सांगितलंस. तरी गप्प बसलो. तू माझ्या बाजूने भांडतेस याचं बरं वाटायचं मला. ते एकटे बसायचे. एका वाक्यात सुटले असते, पण बोलले नाहीत.

परवा तू म्हणालीस, पप्पांच्या कबरेत माती टाकतानाही डोळ्यांत पाणी आलं नाही, भाऊ तोडणाऱ्या माणसासाठी कुठून येणार. म्हणून हे लिहितोय. त्यांनी तोडला नाही गं, मी गेलो. तो सगळा राग माझ्या वाट्याचा आहे. हवं ते बोल, मला इतक्यात माफही करू नकोस. पण एकदा पप्पांच्या कबरेपाशी जा आणि मनसोक्त रड. मला तिथे उभं राहायचं धाडस होत नाही.

तुझाच,
भटक्या