एका भोकात पाच वायरी

११ मार्च, मंगळवार
सत्तावीस भोकं! दादाने आमच्या नव्या हवाबंद घराच्या भिंतीत सत्तावीस भोकं पाडली आणि त्यातल्या नऊ भोकांत वायरींचे जुडगेच्या जुडगे कोंबले. किती वेळा सांगितलं होतं — एका वायरीला एक भोक. म्हणजे प्रत्येकीला रबरी कॉलर बसते, भोवती टेप लागते. जुडग्यातल्या मधल्या फटी कोण बुजवणार? तर म्हणे, "तीस वर्षं वायरिंग करतोय. आता तू शिकव मला!" सख्ख्या भावाला काम दिलं तिथेच चुकलं. परका असता तर हाकलून तरी दिला असता.

१३ मार्च
नऊ जुडगे मीच सोडवले. बोटं सोलली.

१७ मार्च, सोमवार
नापास! हवा कुठून गळते ते तपासणाऱ्या चाचणीवाल्या बाईंनी दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली. गळतीचा आकडा ०.६ च्या आत हवा. आमचा — १.८. मग त्या धुराची नळी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. जिथे वायर, तिथे धूर नाचतोय! मीटरजवळच्या वायरींच्या पाईपातून तर वारा नुसता भणाणत होता. पाईपाला बाहेरून टेप, आतून सताड उघडा. टोपी घातली आणि चड्डी विसरली!

नवरा म्हणतो, "एवढ्याशा भोकांनी काय होतंय?" काय होतंय! फूटभर जाड भिंती, तीन पदरी काचा, सगळं पाण्यात. वर घरातली दमट हवा भिंतीत शिरली की आतलं लाकूड कुजणार ते वेगळंच.

दादाला फोन केला. "घराला श्वास नको का घ्यायला?" अरे, त्यासाठी वेगळं यंत्र बसवलंय — आणि त्याची वायर तूच जोडलीस!

१९ मार्च
दादा आलाच नाही. फोनही बंद.

२० मार्च, गुरुवार
आला. पाईपांच्या तोंडात बुचं बसवली. दुपारी बाईंचा पंखा लावून पाहिला. स्वयंपाकघरातल्या एका भोकातून गार झोत येत होता, मला हातभर लांबूनही लागला.

"दादा, इथे बोटं धर."

धरली. "काही लागत नाही."

"नीट बघ!"

"नाही लागत म्हटलं ना!"

माझा तोलच सुटला. "तोंडावर खोटं बोलतोस? मला वेडी समजतोस का?" नवरा मध्ये पडला. दादाने पक्कड पेटीत टाकली आणि निघून गेला. गेला तर गेला! ते भोक मीच बुजवलं.

२१ मार्च
०.५. पास! दादाला कळवलं नाही. मुद्दामच.

२२ मार्च
वहिनीचा फोन. रडत होती. "ताई, यांच्या बोटांना वर्षभर काही कळतच नाही हो. गरम नाही, गार नाही. डॉक्टरकडे जात नाहीत. काम जाईल म्हणून कुणाला सांगू देत नाहीत."

वर्षभर! असल्या हातांनी विजेची कामं करतोय. चप्पल घातलीय. निघतेच.