हाडं आणि डोळे

कंबोडिया, शनिवार

माझ्या लाडक्या आईला गेथिनचा पापा,

नोकरी मिळाली! पदवी नाही म्हटल्यावर मुख्याध्यापक सोकुन हसले. "गोरे आहात, इंग्रजी बोलता, शर्ट पांढरा आहे. पुरे की!" सात वर्षं खाटकाच्या दुकानात होतो, हे मी सांगितलंच नाही. भात पोटभर मिळतो.

पहिल्याच दिवशी एक बाप चांथा नावाच्या मुलीला घेऊन आला. माझ्या हातात वेताची छडी देऊन म्हणाला, "गुरुजी, कातडी-मांस तुमचं. मला नुसती हाडं आणि डोळे परत द्या." इथले आईबाप असंच म्हणतात. मी पडलो खाटीक, मला हसू आलं.

मंगळवारी ती उशिरा आली म्हणून सोकुननी छडी मोडेपर्यंत तिला झोडपलं. मी त्यांची गचांडी धरून त्यांना फळ्यावर आपटलं. त्यांनी माझी भुवई फोडली. (तीनच टाके पडले, घाबरू नकोस.)

संध्याकाळी तिचा बाप आला. वाटलं, आभार मानेल. तर माझ्यावरच खेकसला, "तुम्ही मारणार नसाल, तर हिला माणसात कोण आणणार?" आणि नवी छडी देऊन गेला.

सोकुन म्हणाले, "मारा, नाहीतर चालते व्हा. बिनपदवीच्या मास्तराला दुसरं कोण ठेवून घेतंय?"

काल मी तिला मारलं. दोनच छड्या. सगळा वर्ग चिडीचूप झाला. बाबांनी पट्टा काढला की आपलं स्वयंपाकघर व्हायचं ना, अगदी तसा.

तुझं मनगट जुळून आलं का? या वेळी 'जिन्यावरून पडले' असं लिहू नकोस.

तुझाच,
गेथिन