पितृपक्षातले विमान

मुंबई, ५ फेब्रुवारी २००६

ती. सौ. आईस,
मैनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आई, तुझी सुट्टी कधी असते? आज ऑफिसात हा प्रश्न निघाला. घरातली पहिली पदवीधर मी, पण हे काही मला ठाऊक नाही.

झालं असं की, आमच्या विमान कंपनीला थायलंडमधल्या फुकेत बेटावर सुट्टीच्या सहलींसाठी विमानं सुरू करायची आहेत. पण मनात आलं म्हणून विमान परदेशी जात नाही. आधी दिल्लीची मंजुरी, मग तिकडच्या सरकारची. कोण जाणार, कोणत्या महिन्यात, किती जागा, सगळं पटवून द्यावं लागतं. आपलं सरकार एकेका विमानाची इतकी विचारपूस करतं हे बघून मला तर अभिमान वाटतो. अर्जाचा मसुदा आमच्या बाई करतात. मी त्यांच्या हाताखाली आहे. लोक सुट्टीला मे आणि दिवाळीत जातात, असं मी लिहिलं. बाईंनी विचारलं, तुझ्या घरचे मेमध्ये जातील का? मेमध्ये तुम्ही साच्यातून गणपती काढत असता, हे मला तेव्हा आठवलं.

मंजुरी मिळाली तर आम्हाला घरच्यांसाठी दोन जागा मिळतील. एक तुझी, एक माझी. पासपोर्टसाठी फोटो काढून पाठव.

बाबांना नमस्कार. तुमची माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.
तुझी मैना

हमरापूर, १३ फेब्रुवारी

चि. मैनास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे बाबा हसले. म्हणाले, बायजाची सुट्टी म्हणजे झोप. पण मला सुट्टी असते गो. अनंत चतुर्दशी झाली की कारखाना रिकामा. ब्रश धुवायचे, फळ्या पुसायच्या, मग पंधरा दिवस हाताला रंग नाय. माझी नखं मला तेव्हाच दिसतात. इथल्या समद्या घरांचं असंच हाय.

दोन सरकारांचं तू लिहिलंस ते लग्नासारखंच झालं. एकीकडून होकार आला तरी दुसरीकडची पसंती यायची असते. तिकडं तेव्हा पाऊस असतो म्हणतात. पावसाला भ्यायले असते तर कोकणात नांदले नसते.

फोटोला एकटीला लाज वाटली, म्हणून रोह्याहून तुझ्या काशीमावशीला बोलावलं. पेणच्या स्टुडिओत दोघींनी काढले. तिचाही पासपोर्टचा अर्ज भरून टाक, नायतर रुसेल. फोटोत मी कुणाला तरी झापतेय अशी दिसते. तो सांगत होता हसू नका, म्हणून झालं ते.

जेवणाची आबाळ करू नको. माझा जीव तुझ्यापाशी हाय.
तुझी आई

मुंबई, २० मार्च

ती. सौ. आईस, नमस्कार.

तुझं म्हणणं मी अर्जात मांडलं आणि खोलीभर हशा झाला. तुझे ते पंधरा दिवस म्हणजे पितृपक्ष! त्या पंधरवड्यात लोक नवा रुमालसुद्धा घेत नाहीत, विमानात कोण बसेल, असं सगळे म्हणाले. इतकी शिकले आणि पंचांगच विसरले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी घरी विचारून घे म्हणून सांगितलं. ते दिवस अर्जातून गळले तर मंजुरी फक्त मे आणि दिवाळीची मागतील. मग तुझ्या सुट्टीत विमानच नसेल. मनापासून सांग, त्या दिवसांत तू निघशील का? हेच मी मावशीलाही विचारलं आहे. वाट बघते आहे.
मैना

रोहा, २८ मार्च

चि. मैनास, काशीमावशीचा आशीर्वाद.

तुझी अक्कल कॉलेजात राहिली काय गो? पंधरवड्यात आपण दारात तोरण लावत नाय, आणि तू आईला आभाळात न्यायला निघालीस. लोक काय म्हणतील? तिथं जाऊन समुद्रच बघायचा तर मुरुडला यष्टी जाते.

मी आपली सांगून मोकळी. बायजा ऐकायची नाय, लहानपणापासून हट्टी. पण तिला खिडकीपाशी बसवू नको, ती झोपते. खिडकी जागणाऱ्या माणसाला द्यावी. आणि विमानात मासळी देतात का, ते कळव. मी सहज विचारते.

मायेनं बोलले, मनात ठेवू नको.
तुझी मावशी

हमरापूर, २ एप्रिल

चि. मैनास आशीर्वाद.

तुझे आजोबा जन्मभर मातीत होते. त्यांनाही हेच पंधरा दिवस मोकळे, आणि लोक सांगायचे ह्या दिवसांत कुठं जाऊ नये. म्हणून ते कुठंच गेले नाय. त्यांची तिथी पंचमीची. पंचमीला त्यांचं पान वाढू, कावळा शिवला की मी मोकळी. पितर रागावत नायत गो, शेजारी रागावतात.

तुझ्या बाईंना हे खुशाल सांग.
आई

हमरापूर, ८ सप्टेंबर

ती. मावशीस, नमस्कार. वि. वि.

पत्र हमरापूरहून लिहिते आहे. आधी आनंदाची बातमी: दोन्हीकडचा होकार आला. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी पितृपक्षाचंच विचारलं, तेव्हा बाईंनी आईचं पत्र वाचून दाखवलं. ते नुसतं ऐकून विरघळले नाहीत. अशी घरं खरोखर किती आहेत, ते आणा म्हणाले. मग मी इथे दारोदार हिंडले. ज्यांना विमानात पाऊल टाकायचं नाही, त्यांनीही आपली सुट्टी तीच असल्याचं लिहून दिलं. आता एका वर्षासाठी तेही दिवस मंजूर झाले आहेत. या सगळ्या माणसांचा मला फार आदर वाटतो.

विमान षष्ठीला आहे, पण आईचा पाय निघेना. आधी म्हणाली कारखाना कोण धुणार, मग म्हणाली बाबांना कालवण कोण करणार. गणपतीत मी आले होते, तेव्हा चुलीपाशी खरं बोलली. मी सगळ्यांशी इंग्रजीत बोलेन आणि ती शेजारी पाहुण्यासारखी बसेल. काही बघून हसू आलं तर हसायचं कोणाबरोबर, असं तिने मला विचारलं. मला थोडं लागलं. मग पटलं. आईला पहिल्यांदाच सुट्टी मिळते आहे, ती तिच्या पद्धतीची असावी.

म्हणून मावशी, मी माझं नाव काढून तुझं घातलं. तिकीट तुझ्या नावाने आलं आहे, पासपोर्टाशेजारी ठेवलं आहे, आणि खिडकी तुझी आहे. मासळी देतात. लोकांना काय सांगायचं ते आईने मागेच लिहिलं होतं: पितर रागावत नायत, शेजारी रागावतात. मी आठवड्याची रजा टाकून आले आहे. सकाळपासून निम्म्या फळ्या धुऊन झाल्या, बाबांचं कालवण चुलीवर आहे.

रागवायचं ते परत आल्यावर रागव, माया तेवढी बरोबर घेऊन ये.
तुझी मैना