लग्नाची फाईल उतरत नाही

९ फेब्रुवारी
उतरली नाही! चार जीबीची फाईल, ऐंशी टक्क्यांवर तुटली. फुकटच्या साईटचं हे असंच – तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

श्रुतिकाने लग्नाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलाय. लिंक रविवारपर्यंतच चालेल. आबांनी लिंक येताच ग्रुप सोडला. "मला मुलगी नाय. कुणी तिला फोन करायचा नाय." पळून जाऊन लग्न केलं ना बहिणाबाईंनी!

आई वाल सोलता सोलता हळूच म्हणाली, "एकदा बघू दे रे मला. हळदीत कशी दिसली माझी पोर?"

१० फेब्रुवारी
ब्राउझर बदलला. पुन्हा तुटली. महाडला कंपनीत मी मीटर दुरुस्त करतो, तिथला नियम – एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड सापडत नाही.

मोबाईल डेटावर घ्यावी तर वाडीत रेंज कुठाय? घरचं वायफाय तेवढं खरं.

१२ फेब्रुवारी
आज नवीनच मेसेज. 'तुमच्या कनेक्शनवरून एक डाउनलोड आधीच चालू आहे. नवीन सुरू केल्यास ते तुटेल.' कुणाचं? माझं तर बंद! राउटर बंद-चालू केला. सुरू झालं, अर्ध्यावर गेलं, तुटलं.

शेजारचा सयाजी, दुसरं कोण! भिंतीला भिंत, पासवर्ड त्याला पाठ. फुकट ते पौष्टिक!

१३ फेब्रुवारी
पासवर्ड बदलला. सयाजी चकार शब्द बोलला नाही. आबा मात्र जेवताना – "नेट गेला काय रे? बातम्या लागत नाय." दिला त्यांना नवा.

१४ फेब्रुवारी
सेकंड शिफ्ट. निघण्याआधी दोनदा लावली, दोनदा तुटली. आई येता-जाता लॅपटॉपकडे बघते. जीव तुटतो.

१५ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा तोच मेसेज. म्हणजे सयाजी नव्हेच. आईचा फोन साधा. उरले आबा.

मागच्या पडवीत गेलो. फोन अगदी नाकाशी धरून बसलेले. ग्रुप सोडला तरी लिंक फोनमध्ये राहिलेली. तीच साईट, तीच फाईल!

"आबा, मी पण हीच उतरवतोय."

"तरीच! आठवडाभर माझं सारखं अर्ध्यावर तुटतंय, ते तुझ्यापायी व्हय!"

आत येऊन लॅपटॉप बंद केला. आधी त्यांची उतरू दे.