भिंतीवरचा स्पीकर आणि अडीच फूट

मी, शरच्चंद्र वामन ठोसर, वय सत्तावन्न, व्यवसाय पूर्वी संस्कृतचे अध्यापन आणि आता पथ्यपाणी, राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या जुन्या दाखल्यांवर अहमदनगर; माणूस तोच समजावा), हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना व राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी नगरच्या एका इस्पितळात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, पण घरचे कागद तेवढे नीट करून ठेवा." वाक्याच्या पूर्वार्धावर माझा विश्वास आहे. उत्तरार्धासाठी हा कागद.

डोळे अधू असल्याने अक्षर मोठे काढले आहे. मजकूर त्यामानाने लहान आहे.

१. माझे राहते घर व परसू धाकटी बहीण लीना हिला द्यावे. परसवाची पश्चिमेची हद्द मात्र कलम ७ वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. स्वयंपाकघराचा हिरवा रंग तिला वीस वर्षे आवडलेला नाही. तिने तो बेलाशक बदलावा. हरकत घेणारा उरलेला नसेल.

२. बँकेत व पोस्टात जे काही असेल ते लीनाची मुलगी अपूर्वा हिचे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घरात ऑनलाइन फॉर्म भरता येणारी ती एकटीच.

३. माझी संस्कृत पुस्तके व दोन्ही कपाटे शाळेला द्यावीत. अट एकच, कपाटांना कुलूप लावू नये. सव्वीस वर्षे ते मी लावत होतो, आणि मुलांना वाचनाची गोडी नाही अशी तक्रारही मीच करत होतो.

४. माजी मुख्याध्यापक श्री. सुहास यांनी माझी छत्री नऊ वर्षांपूर्वी शाळा सुटताना नेली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. हा निर्णय करुणेवरील तिसरे प्रकरण ऐकल्यानंतर घेतला आहे. दुसऱ्या प्रकरणापर्यंत वेगळा होता.

५. वरील प्रकरणांचा खुलासा. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला मनाई केली, तेव्हा अपूर्वाने माझ्या फोनमध्ये ऑडिओबुके घालून दिली आणि एक छोटा स्पीकर आणला. "मामा, आता कानांनी वाचायचं," म्हणाली. तिने निवडलेली पुस्तके बुद्धाच्या शिकवणीची, करुणेची आणि थोर माणसांच्या चरित्रांची होती. मी विचारले, "हीच का?" ती म्हणाली, "आई म्हणाली, तुला गरज आहे." लीनाला घर देताना मी हे विसरलेलो नाही.

वाचणाऱ्या गृहस्थांचे उच्चार पहिले सहा महिने सोसवले नाहीत. पुढे सवय झाली. आता ते दोन दिवस कानावर पडले नाहीत तर चुकल्यासारखे वाटते.

६. माझे पश्चिमेचे शेजारी सहादेव किसन शेटे यांच्याविषयी. अकरा वर्षांपूर्वी मी परसवाला भिंत घातली. सहादेव म्हणाले, "मास्तर, भित आमच्या जाग्यात यिऊ ऱ्हायलीय." त्यावर मी गवंडी, हेल्पर आणि निम्मी वस्ती यांच्यादेखत बोललो की, चौथी नापास माणसाने मला नकाशा शिकवू नये. ते गोठ्यात निघून गेले. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले, ते सात वर्षे.

ऑडिओबुक आल्यावर त्यात क्रोधावर एक प्रकरण निघाले. सहादेवला याची किती आवश्यकता आहे हे माझ्या लगेच लक्षात आले. मी स्पीकर भिंतीवर ठेवला, तोंड गोठ्याकडे केले, आवाज पूर्ण वाढवला आणि ते प्रकरण सलग दोन दिवस संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला लावले. माझ्या करुणेच्या साधनेचा आरंभ असा झाला.

तिसऱ्या दिवशी सहादेवने बाज उचलून भिंतीला लावली. भांडणाची तयारी असावी असे मला वाटले, म्हणून मीही मुद्दे काढून ठेवले. पण ते नुसते बसू लागले. महिनाभराने, एका राजाची गोष्ट ऐन रंगात असताना, स्पीकरचे चार्जिंग संपले. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, त्या राजाचं काय झालं वो?"

सात वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. मी म्हणालो, "उद्या." पलीकडून त्यांची पत्नी मालनबाई म्हणाल्या, "आवं, आत्ता सांगाया काय हुतंय? आमची भाकर गिळायची न्हाई तवर!"

तेव्हापासून आमचे बोलणे आहे, पण गोष्टीपुरते. भिंत, हद्द आणि चौथी या विषयांवर दोन्ही बाजूंनी मौन आहे.

७. (गुरुवार, ६ नोव्हेंबर रोजी लिहिलेले.) तीन वर्षांपूर्वी पुस्तकात सत्यावरचे प्रकरण आले. सत्य माझ्या बाजूचे आहे याची मला खात्री होती. सहादेव व मालनबाई सुप्याला मुलाकडे, सुनीलकडे, चार दिवस गेलेले पाहून मी नगरहून एक खाजगी मोजणीदार बोलावला. त्याने सुतळी धरली, चुन्याच्या खुणा केल्या, दोनदा मोजले आणि चहा घेऊन सांगितले की भिंत शेट्यांच्या जागेत अडीच फूट आत आहे. मी त्याला तिसऱ्यांदा मोजायला लावले. अडीच फूट.

चुना मी स्वतः धुऊन काढला. नकाशा शब्दकोशात घालून ठेवला. त्यानंतरची तीन वर्षे मी रोज संध्याकाळी त्याच भिंतीवर करुणा, मैत्री आणि अपरिग्रह मोठ्या आवाजात लावत आलो आहे.

तरी माझ्या पश्चात वरील अडीच फुटांची पट्टी सहादेव शेटे यांची आहे असे मान्य करून भिंत माझ्या खर्चाने हलवावी आणि नकाशा त्यांना द्यावा. माझी चूक झाली असे अपूर्वाने माझ्या वतीने सांगावे. स्पीकरही त्यांनाच द्यावा.

८. (शनिवार.) वकील गोरक्ष माझे विद्यार्थी. संस्कृतात त्यांना पस्तीस गुण होते, त्यांतले चार मी दिलेले. त्यांनी कागद वाचून विचारले, "सर, साक्षीदार कोण? एक मी. दुसरा तुम्हाला नीट ओळखणारा पाहिजे." मी विचार करून म्हणालो, सहादेव. चार वर्षे मला रोज ऐकत आलेला दुसरा माणूस नाही.

"नाही चालायचं. त्यांना यात जागा देताय, स्पीकर देताय. ज्याला मिळणार त्याचीच सही नको, उद्या कोणी शंका काढेल." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि सर, रागावू नका. माणूस भिंतीपलीकडे बसलाय, आणि तुम्ही त्याला मेल्यावर सांगणार?"

ते चार गुण वाया गेले नाहीत, अशी नोंद येथे करतो.

९. (रविवार.) कलम ७ मधील शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. कारण खालीलप्रमाणे.

काल संध्याकाळी मी शब्दकोशातून नकाशा काढला आणि अकरा वर्षांत प्रथमच भिंतीला वळसा घालून शेट्यांच्या दारात गेलो. सहादेव धार काढत होते. मी उभ्याउभ्या सांगितले की भिंत तुमच्या जागेत आहे, हे मला तीन वर्षे माहीत आहे, आणि चौथीवरून बोललो ते त्याहून वाईट होते. मृत्युपत्रात हे अधिक व्यवस्थित लिहिले होते. तोंडी सांगताना क्रम चुकला.

सहादेव म्हणाले, "मला ठाऊक हुतं."

"कसं?"

"सुप्यास्नं आलो तर मालननं चुना बघितला. धुतलाय नीट, पर कडंला ऱ्हायलाय. इकडं चुना, तिकडं भित. चौथी नापासाला बी कळतंय तेवढं."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी बादली बाजूला ठेवली. "बोललो आस्तो तर तुमी भित पाडली आस्ती. मग स्पीकर कुठं ठिवला आस्ता?"

मालनबाई आतून म्हणाल्या, "मी म्हन्लं, जाऊ द्या अडीच फूट. लई गोष्टी ऱ्हायल्यात आजून."

त्यांनी चहा दिला, तो बिनसाखरेचा होता. माझे पथ्य त्यांना ठाऊक होते. चार वर्षे भिंत दोन्ही बाजूंनी ऐकत होती असे दिसते.

ठरले ते असे. पट्टी आजपासून त्यांची, तसा वेगळा कागद गोरक्ष करतील. भिंत चालू पुस्तक संपेपर्यंत पाडायची नाही, असा सहादेवचा आग्रह आहे व तो मला मान्य आहे. स्पीकर मी त्यांच्या हाती दिला. फोन मी इस्पितळात नेणार आहे. अशा प्रकारे या कागदान्वये सहादेवना काहीही मिळत नसल्यामुळे ते साक्षीदार म्हणून पात्र ठरतात.

१०. चालू पुस्तकाविषयी. चौदाव्या प्रकरणात एक भिक्षुणी आहे. ज्या माणसाने तिची झोपडी जाळली तोच तापाने फणफणला आहे, औषध पैलतीरावर आहे, आणि नदीला पूर आहे. ती पाण्यात उतरते, तिथे प्रकरण संपते. पुढची नऊ प्रकरणे राहिली आहेत. ती मी एकट्याने ऐकणार नाही. स्पीकर सहादेवपाशी, फोन माझ्यापाशी. दोन्ही एकत्र आल्याखेरीज ती बाई नदीतच.

मी परत न आल्यास अपूर्वाने तेराव्याला जेवणावळ घालू नये. त्याऐवजी रोज एक याप्रमाणे नऊ संध्याकाळ भिंतीवर उरलेली प्रकरणे लावावीत. तोंड गोठ्याकडे. आवाज बेताचा, आता वाढवण्याचे कारण राहिलेले नाही.

ठिकाण: नेवासा. रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार: शरच्चंद्र वामन ठोसर (सही)

मजकूर वाचून दाखवल्यावर लिहून ठेवणाराने आमच्यासमोर सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर केल्या:

साक्षीदार १: गोरक्ष, वकील, नेवासा (सही)

साक्षीदार २: सहादेव किसन शेटे, शेती व दूध, नेवासा (सही)

ता. क. साक्षीदार क्र. २ यांनी सहीपूर्वी कलम १० दुसऱ्यांदा वाचून घेतले आणि दुसऱ्या परिच्छेदाला हरकत नोंदवली, ती त्यांच्याच शब्दांत: "नऊ सांजा पोरीला कशाला बसवता? तुमीच या. मी तवर बाज हलवत न्हाई."